हत्ती माझे, वाक्य दिगूचं

दिगू गेल्याचा फोन मी दोनदा कापला.

रिसोडच्या बाजारात भरदुपारी माझं पाल, म्हणजे चार बांबूंवरचं दुकान, लागलेलं होतं. मी आठवडी बाजारांमध्ये तयार कपडे विकतो. शर्ट, परकर, पोरांचे फ्रॉक, म्हाताऱ्यांच्या बंड्या. कपडे विकणारा माणूस खरं बोलायला लागला तर त्याच्या पालासमोर कुत्रंसुद्धा उभं राहणार नाही, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे. ‘धुतल्यावर रंग गेला तर मी गाव सोडून जातो’ असं मी वर्षानुवर्षं ओरडत आलो. रंग गेले, मी शेलूबाजारातच आहे. त्या दिवशी गिऱ्हाईक जमवायला मी दिगूची गोष्ट लावली होती. गोष्ट अगदी ऐन जागी आली होती... दिगू भरल्या टॉकीजमध्ये खुर्चीवर उभा राहिलेला, पडद्याकडे बोट दाखवलेलं, मॅनेजर बॅटरी घेऊन पळत आलेला, आणि एवढ्यात खिशातला फोन वाजला. पाहतो तर नाव दिगूचंच! “पाहा, हिरोचाच फोन!” असं म्हणून मी तो सगळ्यांना दाखवला आणि कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा माझ्यातला बाजारू माणूस जागा झाला. फोन मोठ्या आवाजावर टाकून मी हात उंच केला आणि म्हणालो, “घ्या, आता त्याच्याच तोंडून ऐका!”

आतून दिगूच्या बायकोचा, सिंधूवहिनींचा आवाज आला. “बाळूभाऊ... किती डाव फोन लावला वो. हे उठून नाही राह्यले.”

मागे उभा असलेला एक माणूस तरीही हसला. त्याला वाटलं, गोष्टीतलाच भाग आहे.

दिगू म्हणजे दिगांबर. शेलूबाजारच्या नाक्यावर फवारणीचे पंप दुरुस्त करायचा, घरची थोडी सोयाबीन-तूर करायचा आणि माझ्या बडबडीला आयुष्यभर मान डोलवायचा. आम्ही एका वर्गात होतो. तेव्हापासून त्याच्या खांद्यावर एक पांढरा दुपट्टा असे. मी लोकांना सांगतो की तो जन्मला तेव्हा दुपट्टा घेऊनच जन्मला आणि सुईणीने आधी तो धुतला. त्या दुपट्ट्याने तो घाम पुसायचा, पंपाचं तेल पुसायचा नाही, त्यासाठी वेगळं फडकं. दुपट्ट्याचं मुख्य काम एकच, माझी जागा धरणं. एसटी थांब्यावर लागायच्या आत हा खिडकीतून दुपट्टा आत टाकायचा. लग्नाच्या पंगतीत, काळीपिवळी जीपमध्ये, कीर्तनात, टॉकीजमध्ये, याच्या शेजारची जागा दुपट्ट्याखाली झाकलेली आणि मी नेहमीसारखा उशिरा. कोणी बसायला आलं की हा शांतपणे म्हणायचा, “बाळ्या येऊन राह्यला.” एकदा मंगरूळपीरच्या गाडीत त्याने माझी जागा एका फौजदाराला दिली नाही. म्हणजे, तो फौजदारच होता असं नाही. खाकी पॅन्ट घातलेला माणूस होता. वाचकांनी माझं लिहिणं निम्मं कापून वाचावं, तरी थोडं जास्तच उरेल.

आमच्या लहानपणी पिक्चर पाहणं हे एकट्याचं काम नसे. वाशिमला जाऊन जो पाहून येईल, त्याने संध्याकाळी नाक्यावर बसून तो सगळ्यांना सांगायचा, असा रिवाज होता. निम्म्या गावाने कितीतरी पिक्चर कानांनीच पाहिले. आम्ही दोघं जोडीने जायचो. दिगू पाहायचा, मी सांगायचो. माझं पाहणं अर्धंच असे, कारण पडद्यावर मारामारी चालू असतानाच मी मनात तिला मीठमसाला लावत असायचो. पडद्यावर चार गुंड असले तर नाक्यापर्यंत येईतो चाळीस व्हायचे. दिगू मात्र चपला काढून बसायचा. पडद्यावर कधी देव येईल काय सांगता येतं, असं त्याचं म्हणणं. मध्यंतरात जागेवरून उठायचा नाही, भजी खायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, माझं सांगून झालं, लोक हसून हसून लोळले, की कोणीतरी एक जण हळूच त्याच्याकडे वळायचा. “दिगूभाऊ, तुमी सांगा. जाऊ का नको?” दिगू बराच वेळ विचार करायचा. एवढा वेळ की विचारणाऱ्याने बिडी पेटवून संपवावी. मग एवढंच म्हणायचा, “पाहा एक डाव,” नाहीतर “राहू द्या.” गाव माझ्या सांगण्यावर हसत असे, पण जात असे दिगूच्या शब्दावर. हे मला कळत होतं. खरं सांगतो, थोडं झोंबतही होतं.

पुढे टीव्ही आले, मोबाईल आले, सांगायचा रिवाज मोडला. तरी तो महाचित्रपट आला तेव्हा आमच्या नाक्यावर जुने दिवस परत आले. नाव लिहीत नाही, नाहीतर संपादक म्हणतील बाळूभाऊंनी जाहिरात केली. राजे, राक्षस, उडणारे हत्ती आणि आकाशात तरंगणारा किल्ला. पहिल्या भागाच्या शेवटी तो किल्ला जमीन सोडून वर उठतो. राजपुत्र आत असतो आणि त्याची म्हातारी माय खाली उघड्या टेकडीवर राहते. दार बंद होतं. ती वर पाहत राहते... आणि पाटी येते, पुढचं दुसऱ्या भागात. आता सांगा, हे काय माणसांनी माणसांशी वागणं झालं? त्या म्हातारीला टेकडीवर सोडून ते लोक दोन-तीन वर्षं गायब! नाक्यावर भांडणं लागली. तो मायले घ्यायला येते का नाही? कोणी म्हणे येते, कोणी म्हणे येत नाही, गादी भेटल्यावर कोण येते. पंप दुरुस्त करता करता दिगू एकदाच बोलला, “एवढ्या थंडीत उघड्यावर उभी केली रे तिले.” जणू ती मानोऱ्याकडच्या एखाद्या टेकडीवरच उभी होती आणि संध्याकाळपर्यंत घोंगडी पोचवायची होती.

दुसरा भाग वाशिमला लागला आणि पहिल्याच दिवशी आम्ही बाराच्या शोला गेलो. मला पालाचं सामान लावून यायला उशीर झाला. आत अंधार, पाट्या सुरू झालेल्या, आणि मधल्या रांगेत अंधारातही तो पांढरा दुपट्टा दिसला. बसलो. आता या भागाबद्दल एक प्रेक्षक म्हणून माझं मत विचाराल तर पिक्चर लांब होता. हत्ती एवढे होते की त्यांच्या सावलीत अख्ख्या जिल्ह्याची तूर वाळली असती... पाहा, पुन्हा सुरू झालो. तर हत्ती पुष्कळ होते. लढाई संपतच नव्हती. मी लढाईत पेंगलो, जागा झालो तरी लढाई तीच. शेवटाकडे तो राजपुत्र मायकडे येतो की नाही, हे मी इथे सांगत नाही. ज्यांना पाहायचं आहे त्यांनी पाहावं. मी सांगतो ते वेगळंच. माय पडद्यावर आली तेव्हा मी दिगूकडे पाहिलं नाही. मी मनात हत्ती जुळवत होतो. एवढे हत्ती, तीन तास नुसते पळतात, उडतात, लढतात, आणि एकही शेण टाकत नाही! हे वाक्य मला तिथे सुचलं. मला. आणि सुचलं तेव्हाच मला कळलं की हे माझ्या तोंडात चालणार नाही. बाळूच्या तोंडी विनोद म्हणजे रोजचंच. पण दिगूसारखा गप्प माणूस टॉकीजमध्ये उठून असं बोलला, असं सांगितलं तर बाजार हलेल.

पिक्चर संपला. लोक उठले. पडद्यावर नावं चढत होती आणि दिगू बसून होता. चपला अजून पायात नव्हत्या. मी त्याचा दंड धरून ओढला, “चाल ना बे, जीप निघते.” तो म्हणाला, “थांब ना जरा.” मी थांबलो नाही. बाहेर येऊन जागा मात्र त्यानेच धरली, जीपमध्ये, दुपट्टा टाकून. गाडी सुटली, वाशिम मागे पडलं, आणि दिगू माझ्याकडे वळून बोलायला लागला. “मले तर बाळ्या, ते माय...”

एवढंच. कारण समोरच्या बाकावरच्या माणसाने विचारलं होतं, “काय भाऊ, कसा आहे दुसरा भाग?” आणि मी दिगूच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने सांगायला लागलो होतो, “अहो, याले इचारा! हा तर उभाच राह्यला टॉकीजमंधी! म्हणे, एवढे हत्ती अन् एकाचंही शेण पडलं नाही, कोणती वैरण घालता रे बावा यायले!” जीप हसली. ड्रायव्हर एवढा हसला की गाडी रस्त्याच्या कडेला गेली. दिगूही हसला. दुपट्ट्याने तोंड पुसत हसला आणि पुढे शेलूबाजारपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला.

मग त्या गोष्टीला पाय फुटले, ते मीच फोडले. मानोऱ्याच्या बाजारात दिगू खुर्चीवर चढला. आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावात मॅनेजर आला. शेलूबाजारातच एकाला मी सांगितलं की पिक्चर काढणाऱ्याने दिगूला फोन केला आणि तिसऱ्या भागात शेण टाकायचा शब्द दिला. लोक पंप घेऊन दिगूकडे यायचे आणि पंप राहायचा बाजूला. “दिगूभाऊ, ते हत्तीचं सांगा ना!” तो पंपातून मान वर न काढता म्हणायचा, “ते बाळ्या सांगते.” कोणी त्याला विचारलं नाही की जाऊ का नको. कशाला विचारतील? त्याचं मत तर साऱ्या बाजारांना पाठ होतं.

एकदा मात्र त्याने विचारलं. मी त्याच्या दुकानात चहा पीत होतो. नळीत फुंकर मारता मारता तो म्हणाला, “बाळ्या, मी तसं म्हणलो होतो काय रे?”

“नाही म्हणला,” मी म्हणालो, “पण म्हणला असता.”

त्याने पुन्हा फुंकर मारली. नळीतून कचऱ्याचा कण निघाला, तो बोटावर घेऊन पाहिला. “हौ,” म्हणाला, “म्हणलो असतो.” आणि हसला. मी ते हसणं मान्यता म्हणून घेतलं. मान्यता घेणं मला फार लवकर जमतं.

आमच्याकडे माणूस गेला की स्मशानात चार जण दोन शब्द बोलतात. सरपंच बोलले, शाळेचे एक गुरुजी बोलले, मग कोणीतरी म्हणालं, बाळूभाऊ, तुमी बोला, तुमची तर जोडी. मी उभा राहिलो. देवाशपथ, चांगलं बोलायचं ठरवून उभा राहिलो. दुपट्ट्याचं सांगितलं, जागा धरण्याचं सांगितलं. पण ऊन होतं, लोक पाय बदलत होते, मागचे दोघं निघायच्या बेतात होते... आणि पालासमोरून गिऱ्हाईक सरकायला लागलं की माझ्या तोंडाचं जे होतं, तेच झालं. हत्ती आले. मी आणले नाहीत असं म्हणायची सोय नाही, दुसरं कोण आणणार? लोक हसले. आधी दबून, मग जरा मोकळे. मागचे दोघं थांबले. त्यांना थांबवल्याचं मला बरं वाटलं. समोर दिगू जळत होता आणि मला बरं वाटलं. परत येताना मानोऱ्याकडचा एक पाहुणा दुसऱ्याला विचारत होता, “हेच का ते, हत्तीच्या शेणावाले?” दुसरा म्हणाला, “हौ, हेच.” साऱ्या जन्मात ज्या माणसाने तोलल्याशिवाय एक शब्द तोंडातून काढला नाही, त्याच्या नावावर आता एकच वाक्य होतं, आणि ते माझं होतं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. त्यानंतर काही आठवड्यांनी एका सकाळी मी सिंधूवहिनींकडे गेलो. आधी जायची हिंमत झाली नव्हती, बाजाराचं निमित्त सांगत राहिलो. ओसरीत नेहमीची प्लास्टिकची खुर्ची होती आणि तिच्यावर दिगूचा दुपट्टा पडलेला होता. रविवारी मी येणार असलो की तो दुपट्टा टाकून ठेवायचा, म्हणजे दुसरं कोणी बसू नये. तो शेवटच्या रविवारचा होता, त्या दिवशी मी आलोच नव्हतो. वहिनींनी उचलला नव्हता. “बसा ना भाऊ,” त्या म्हणाल्या. मी खुर्चीवर बसलो नाही, उंबऱ्यापाशी खाली बसलो.

त्यांनी चहा आणला आणि समोर बसल्या. म्हणाल्या, “मसनातबी हासवलं म्हणे तुमी लोकायले.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. मग म्हणाल्या, “एक इचारू का भाऊ? ते हत्तीचं मले मायीत आहे, ते तुमचं आहे. पन त्यायले तो पिच्चर खरंच कसा वाटला? मी पहिला भाग टीव्हीवर पाह्यला होता त्यायच्यासंगं. ते मायचं पाहून दोघंही जेवलो नव्हतो धड. दुसरा पाहून आले तं नुसते बसून राह्यले. काही म्हणले असतीन ना तुमच्यापाशी? तुमच्यापाशी तं बोलत.”

आता सांगतो, खोटं कसं तयार होतं ते. एका क्षणात तीन वाक्यं माझ्या जिभेवर आली. एकाहून एक सरस. एक त्या मायबद्दल होतं, एक दिगूच्या स्वतःच्या आईबद्दल, आणि एक असं होतं की ते ऐकून वहिनी जन्मभर मनात जपतील, त्यात त्यांचंही नाव होतं. कोणाचं काय बिघडणार होतं? विचारायला दिगू नव्हता. बाईच्या जिवाला गारवा मिळाला असता. मी तोंड उघडलंही. “तो म्हणला...” वहिनी पुढे झुकल्या. पदर हातात घट्ट धरला. आणि मला दिसलं की या बाईला मी काय देतोय. बाजारात परकर देतो तसं. रंग जाणारा.

“वहिनी,” मी म्हणालो, “मले मायीत नाही.”

“आठवत नाही का?”

“आठवाले काही नाही. मी त्याले बोलूच देलं नाही. टॉकीजमंधी ‘थांब ना जरा’ म्हणला, मी थांबलो नाही. जीपमंधी म्हणला, ‘मले तर बाळ्या, ते माय...’ एवढंच म्हणला.”

“ते माय काय?”

“पुढचं मीच बोललो, वहिनी.”

बाहेर रस्त्यावर जीपवाला वाशिम-वाशिम ओरडत होता. वहिनी दुपट्ट्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, जा भाऊ. त्या म्हणाल्या, “मी त्या दिवशी इचारलं ना त्यायले. म्हणलं, कसा होता, येते का तो मायले घ्यायला? तं म्हणे, रविवारी बाळ्या येते, तो सांगीन. मले त्याच्यासारखं नाही सांगता येत.”

पिक्चरनंतरच्या त्या रविवारी मी आलो होतो. त्याच खुर्चीवर बसलो होतो. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या होत्या आणि मी त्यांना हत्ती सांगितले होते. दिगू तिथेच भिंतीला टेकून बसला होता... एसटीत, पंगतीत, टॉकीजमध्ये धरावी तशी त्याने बोलण्यातली स्वतःची जागाही माझ्यासाठी धरून ठेवली होती, आणि मी नेहमीसारखा उशिरा येऊन, ती कोणाची आहे हे न विचारता, ऐसपैस बसलो होतो.

मी मान खाली घालून बसलो. रडलो, असं लिहिलं तर तुम्ही निम्मं कापाल. निम्मंच कापा.

मग वहिनीच बोलायला लागल्या. दिगूबद्दल. हळूहळू, मधे थांबत, एखादी गोष्ट अर्धी सोडून दुसरी धरत. लग्नानंतरच्या पहिल्या पिक्चरचं, त्याच्या आईच्या शेवटच्या हिवाळ्याचं, तो घरी काय बोलायचा आणि कशावर हसायचा त्याचं. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षांची जोडी म्हणवणाऱ्या मला! दोन-तीनदा माझ्या तोंडाशी आलं, “हौ, अन् एकदा तर काय झालं वहिनी...” मी ते चहाबरोबर गिळलं. चहा केव्हाच संपला होता, तरी रिकामा कप तोंडाला लावून गिळलं. त्या बोलत राहिल्या. ऊन ओसरीतून खुर्चीच्या पायांपर्यंत आलं, दुपट्ट्यापर्यंत चढलं. मी मधे बोललो नाही.

त्या काय म्हणाल्या, ते इथे लिहीत नाही. लिहायला घेतलं तर त्यात दोन हत्ती घालीन. माझा भरवसा नाही.